मानद

फ्लेक्सवाल्याने फोनवर एवढंच विचारलं, "सर, हुद्दा काय टाकू?" मी अमळनेरच्या बसस्टँडबाहेर मोटारसायकलवर एक पाय टेकवून उभा होतो. मागे बस रिव्हर्स घेत होती, कंडक्टरची शिट्टी चालू होती, आणि मी ओरडूनच सांगितलं, "सब इन्स्पेक्टर." त्याने टाकलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्लेक्स गावाच्या वेशीवर चढला. वर तिरंग्याच्या पट्ट्या, एका कोपऱ्यात महाराज, दुसऱ्या कोपऱ्यात गावचा मारोती, मधोमध नानाचा वर्दीतला फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'सेवापूर्ती सोहळा'. आमच्या भागात फौजेतून किंवा केंद्रीय दलातून माणूस निवृत्त होऊन आला की सगळा गाव त्याला वाजतगाजत घरी आणतो. उघडी जीप, डीजे, दारोदार रांगोळी, सवाष्णींच्या हातात ओवाळणीची ताटं. दिवाळी नुकतीच सरली होती, ओट्यांवर पणत्यांच्या तेलाचे डाग अजून ओले होते. मी खुशीत होतो. सदतीस वर्षांनी भाऊ कायमचा घरी येत होता.

नाना आदल्या रात्रीच उतरला. मिरवणूक दुसऱ्या दिवशी असल्याने गुपचूप घरी जायचं आणि सकाळी वेशीपासून निघायचं, असं ठरलं होतं. मोटारसायकल वेशीपाशी आली तसा तो म्हणाला, "थांब जरा." उतरला. खांबावरच्या दिव्याच्या उजेडात खाली उभा राहून बराच वेळ फ्लेक्सकडे बघत राहिला. मला वाटलं, स्वतःचा एवढा मोठा फोटो बघून संकोचला असेल. मग म्हणाला, "बापू, एक शब्द राहिला."

"कोणता?"

"मानद."

मी म्हणालो, नाना, कोण वाचतंय एवढं! तो म्हणाला, "मी वाचतोय ना."

त्या रात्री साडेदहाला आम्ही ग्रामपंचायतीच्या वायरमनकडून शिडी आणली. माझ्या पिशवीत शाळेचा जाड काळा मार्कर होता. मी चढतो म्हटलं तर ऐकेना. साठ वर्षांचा माणूस, उजव्या गुडघ्यावर पट्टा, एकेक पायरी जपून चढला. फ्लेक्सवर दव बसलं होतं, मार्कर धरत नव्हता. त्याने गळ्यातल्या टॉवेलने ती जागा पुसली, फुंकर घातली, पुन्हा पुसली. 'सब इन्स्पेक्टर'च्या आधी जागाच नव्हती, म्हणून शब्द थोडा वर सरकवून लिहिला. 'मा' मोठा झाला, 'द' पार तिरंग्याच्या हिरव्या पट्टीला टेकला. खाली उतरून त्याने एकदा वाचलं आणि मग म्हणाला, "चल आता."

दुसऱ्या दिवशी गुलाल उडाला, डीजेच्या आवाजाने पत्रे हादरले, आणि ते तीन अक्षरांचं तिरकं लिखाण कोणाच्या डोळ्यांत आलंसुद्धा नाही. एका चुलतभावाने मात्र विचारलंच, "मानद म्हंजे काय रे भो?" मी कसंबसं काही सांगितलं. पण तेव्हापासून हा शब्द माझ्या मागे लागला आहे. रात्री जाग आली की समोर शिडी येते, टॉवेल येतो, दवावर न उमटणारा मार्कर येतो.

नाना केंद्रीय दलात होता. कोणत्या, ते इथे लिहीत नाही. त्याला ते आवडणार नाही. दलाबद्दल वाईट शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकलेला नाही. तो गेला १९८८ साली. त्याआधीची दोन वर्षं आमच्याकडे पावसाने पाठ फिरवली होती, बोरीच्या पात्रात झिरे खणून पाणी भरावं लागत होतं, आणि कोरडवाहू कपाशीवर पाच पोरांचं घर चालत नाही हे वडिलांना त्याच्याकडे बघून कळत होतं आणि त्याला वडिलांकडे बघून. भरतीत तो निघाला. निघायच्या आधी वडिलांनी अमळनेरच्या बाजारातून काळी पत्र्याची ट्रंक आणली. गावात दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर होता, त्याने झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, गाव, जिल्हा आणि खाली हिंदीत 'सिपाही' असं लिहिलं. नंबर मिळाला की टाकता यावा म्हणून एक ओळ मोकळी ठेवली. भुसावळच्या फलाटावर झेलम एक्सप्रेस आली तेव्हा ती ट्रंक उचलायला मी एका कडीला आणि तो दुसऱ्या कडीला होतो. गाडी सुटल्यावर माझ्या हाताला ओल्या रंगाचा वास येत राहिला होता. तेव्हा मी दहावीत होतो.

पुढे दर सुट्टीला माय त्याला एकच प्रश्न विचारायची. आधी पाणी द्यायची, मग भाकर वाढायची, ठेचा ताटात पडायचा आणि मग विचारायची, "तुले फीत लागनी का रे?" फीत म्हणजे बाहीवरची पट्टी. गावातला एक जण सैन्यात नाईक होऊन आला होता, त्याच्या बाहीवरच्या दोन फीती मायने पाहिल्या होत्या, तेवढीच तिची माहिती. नाना हसून म्हणायचा, "आजून नही, माय." मग ती म्हणायची, "जागा नही का?" आणि नाना म्हणायचा, "जागा शे माय, पन भरतस नहीत."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते खोटं वाटलं. जागा आहे, माणूस आहे, माणसाची वर्षं भरलेली आहेत, मग अडतंय कुठे? पुढे मीही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झालो, आणि जागा, माणूस आणि वर्षं या तिन्ही गोष्टी एकाच वेळी असूनही त्या एकत्र येत नाहीत हे माझ्याच वाट्याला आलं. पण ते नंतर.

नानाच्या दलात शिपायाच्या वर लान्स नाईक, मग नाईक, मग हवालदार अशा पायऱ्या होत्या. पाचव्या वेतन आयोगानंतर मधल्या दोन पायऱ्या निघाल्या. कागदावर ते सोपं झालं, शिपायाचा थेट हवालदार. प्रत्यक्षात काय झालं ते नानाने मला एकदा शेतात, विहिरीच्या थारोळ्यावर बसून सांगितलं. पूर्वी पाच-सात वर्षांनी एक पट्टी लागायची. पगारात फारसा फरक नाही, पण मेसमध्ये, गार्ड बदलताना, घरच्या पत्रावर त्या पट्टीचा फरक पडायचा. आता पायऱ्या काढल्या आणि जिन्याची उंची तेवढीच राहिली. एका पायरीवर माणूस अठरा-एकोणीस वर्षं उभा. नाना २००७ साली हवालदार झाला. तोवर त्याचं वय बेचाळीस होतं, थोरली पोरगी बारावीला होती. त्या सुट्टीत त्याने सगळ्यात आधी ट्रंक अंगणात काढली, 'सिपाही' हा शब्द पॉलिश पेपरने घासला आणि गावच्या त्या पेंटरच्या पोराला बोलावून तिथे 'हवालदार' लिहून घेतलं. पेंटर स्वतः तोवर वारला होता. घासूनही जुना शब्द पूर्ण गेला नाही. उन्हात ट्रंक तिरपी धरली की 'हवालदार'च्या खालून 'सिपाही' दिसायचा, अजूनही दिसतो.

पगाराचं म्हणाल तर सरकारने सोय केलेली आहे. पदोन्नती नाही मिळाली तरी ठरावीक वर्षांनी वरच्या पायरीचा पगार द्यायचा. आधी बारा आणि चोवीस वर्षांनी असं होतं, २००८ च्या सप्टेंबरपासून दहा, वीस आणि तीस वर्षांनी असं झालं. हे चांगलंच आहे, त्यावर किती तरी घरं उभी राहिली, आमच्या पुतण्यांची शिक्षणं झाली. पण त्याने एक विचित्र गोष्टही घडली. माणसाचा पगार वर गेला आणि माणूस खालीच राहिला. नानाला तीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा त्याच्या पगारपत्रकावर दिसत होता एक माणूस आणि बाहीवर दिसत होता दुसरा. पगारपत्रक कोणी बघत नाही. बाही सगळे बघतात. पंचवीस वर्षांचा नवा अधिकारी येतो, तो बाहीकडे बघूनच हाक मारतो. त्यात त्या पोराचा काही दोष नाही.

आणि सगळा दोष व्यवस्थेचाच होता असंही मी म्हणणार नाही. नानाच्या बाबतीत एकदा गुडघा आडवा आला. ईशान्येकडच्या एका पोस्टिंगवर पावसात उतारावरून घसरला, गुडघ्याची शीर तुटली. पदोन्नतीला 'शेप-वन' लागतं. म्हणजे मन, कान, हातपाय, अंगाची ताकद, डोळे, सगळं पहिल्या दर्जाचं. गुडघ्यामुळे त्याचा दर्जा खाली आला, आणि नेमकी त्याच वर्षी पदोन्नती समिती, म्हणजे डीपीसी, बसली. त्याच्यामागचे तिघे पुढे गेले. शस्त्रांच्या नोकरीत शरीर बघावंच लागतं, हे त्यालाही मान्य आहे. मला खुपते ती दुसरीच गोष्ट. पुन्हा शेप-वन झाल्यावर तो रांगेत आला, आणि २०१९ साली रांगच थांबली.

त्या वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालानंतर केंद्रीय दलांमध्ये सगळ्यांचं निवृत्तीचं वय सारखं, साठ झालं. त्याआधी काही दलांत खालच्यांना सत्तावन्नला घरी जावं लागायचं आणि वरचे साठपर्यंत राहायचे. निर्णय न्यायाचाच होता. नानालाही तीन वर्षं जास्त नोकरी मिळाली, त्यात धाकट्या मुलीचं लग्न झालं. पण ऑगस्टमध्ये आदेश आला आणि ज्यांच्या जाण्याने जागा रिकाम्या होणार होत्या ते सगळे तीन वर्षं आणखी थांबले. त्यांच्या मागचे थांबले. त्यांच्या मागचे. सुगीच्या दिवसांत कपाशीच्या गाड्या जिनिंगच्या फाटकाबाहेर उभ्या असतात, पुढची गाडी हलली की मागचा गाडीवान उठून बैल जुंपतो. तसा नाना तीन वर्षं हातात जू धरून उभा राहिला. एएसआयचा, म्हणजे सब इन्स्पेक्टरच्या खालच्या पदाचा, एक तारा त्याच्या खांद्यावर आला २०२२ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. व्हिडिओ कॉलवर मायला दाखवला. मायला तोवर दिसणं कमी झालं होतं. तिने मोबाइलच्या काचेवर बोट फिरवून बघितलं.

ट्रंकवर मात्र त्याने या वेळी काही लिहून घेतलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "राहू दे. आता ट्रंक घरीच यायची आहे."

माझ्या नोकरीतली गोष्ट इथे सांगायला हवी, कारण त्यामुळेच 'मानद' हा शब्द मला एवढा लागला. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त झाले. नवीन आले नाहीत. ज्येष्ठ म्हणून माझ्याकडे 'प्रभारी' आलं. सहा वर्षं मी प्रभारी मुख्याध्यापक होतो. पोषण आहाराचा तांदूळ मी उतरवून घेतला, गळक्या वर्गाचे प्रस्ताव मी लिहिले, पालकांचे राग मी ऐकले. सहीखाली मात्र कंसात 'प्रभारी' लिहावं लागायचं. सही करताना हात तिथे जरा अडायचा. पहिल्या वर्षी वाटायचं, तात्पुरतं आहे. तिसऱ्या वर्षी वाटायला लागलं की आपल्यालाच कोणी पूर्ण धरत नाहीये. मुलांना त्याचं काही नव्हतं, त्यांच्यासाठी मी 'गुरुजी' होतो, पहिल्या दिवशीही आणि शेवटच्याही. शिक्षकाला ती एक सावली आहे. जवानाला नाही. त्याचा हुद्दाच त्याची हाक असतो.

आणि हे शब्द बघा किती आहेत आपल्याकडे. मिरवणुकीला गल्लीतला जिल्हा पोलिसातला एक हवालदार आला होता, रात्रीच्या बंदोबस्तावरून थेट, डोळे तांबारलेले. राज्यात २०२२ साली 'पोलीस नाईक' हे पद रद्द झालं, शिपायाचा थेट हवालदार व्हायला लागला, त्यात त्याचा नंबर लागला. तो खूश होता. पण त्याच्या तोंडी सारखा एक शब्द येत होता, 'ग्रेड पीएसआय'. तीस वर्षं झाली, एएसआय म्हणून काही वर्षं काढली की श्रेणी फौजदार. म्हणजे फौजदारच, पण श्रेणीचा. ग्रेड, प्रभारी, मानद, अतिरिक्त कार्यभार, तदर्थ. पदाच्या आधी चिकटवलेले हे छोटे छोटे शब्द. माणूस काम पूर्ण करतो आणि कागद त्याला पाऊणच पदरात घालतो. मी हे रागाने लिहीत नाही. पण लिहिताना हात थरथरतो हे खरं.

'मानद' आला तो असा. २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने ठरवलं की केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं आणि आसाम रायफल्समधल्या कॉन्स्टेबलपासून सब इन्स्पेक्टरपर्यंतच्या माणसांना, सेवा चांगली झालेली असेल तर, निवृत्तीच्या दिवशी एक हुद्दा वरचा, मानद म्हणून द्यायचा. पगारात फरक नाही, पेन्शनमध्ये फरक नाही. हेतू असा की त्यांचा स्वाभिमान आणि मनोबल वाढावं. हेतू चांगला आहे, हे मी मनापासून म्हणतो. ३१ ऑक्टोबरला सकाळी नानाच्या खांद्यावर दुसरा तारा लागला. कमांडंटने स्वतः लावला, पाठ थोपटली, चहापान झालं. नानाने तो फोटो मला पाठवला, आणि त्या फोटोत तो हसतोय. मी त्याला फार वर्षांत इतकं हसताना पाहिलं नव्हतं. दुपारी त्याने साहित्य जमा केलं, सहीसाठी चार खोल्या फिरला, संध्याकाळी वर्दी उतरवली. दुसरा तारा त्याच्या खांद्यावर एक दिवसही पुरता राहिला नाही. आता दोन्ही तारे त्याने बामाच्या रिकाम्या डबीत ठेवलेत, डबी देवघराच्या फळीवर आहे. झाकण उघडलं की बामाचा वास येतो.

ज्या दिवशी तो हसला त्याच दिवसाबद्दल मला वाईट का वाटतं, हे मला अजून पुरतं सांगता येत नाही.

संसदेत मागच्या वर्षी-दीड वर्षात जी उत्तरं दिली गेली, ती मी शाळामास्तराच्या सवयीने वहीत उतरवून ठेवली आहेत. ३० ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय दलं आणि आसाम रायफल्स मिळून १,००,२०४ पदं रिकामी होती. सीआरपीएफमध्ये ३३,७३०, सीआयएसएफमध्ये ३१,७८२, बीएसएफमध्ये १२,८०८, आणि पुढे बाकीचे. मी ही बेरीज स्वतः करून पाहिली. आकडा वाचताना पहिल्यांदा डोळ्यांपुढे आली ती आमच्या गावाबाहेरच्या चोपडा रस्त्यावरची पोरं. पहाटे चारला उठून पळतात. थंडीत तोंडातून वाफा निघतात, कोणाच्या पायात बूट असतात, कोणाच्या नाहीत. २०२४ पासून जवानांच्या भरतीची परीक्षा मराठीतूनही देता येते, त्यामुळे आमच्याकडच्या पोरांची हिंमत वाढली आहे. त्यांना मी दोष देणार नाही, थांबवणारही नाही. ती खालच्या पायरीवरची रिकामी जागा भरायला पळतात. पण रिकामी जागा दोन तऱ्हेची असते. एक खालची, ती पळून मिळते. दुसरी वरची, ती पळून मिळत नाही. ती मिळायला ज्येष्ठता यादी लागावी लागते, त्या यादीवरचा कोर्टातला वाद मिटावा लागतो, पदोन्नतीच्या कोर्सला नाव यावं लागतं, शेप-वन असावं लागतं, समितीची तारीख पडावी लागते, आणि हे सगळं एकाच वर्षात जुळावं लागतं. यातली एक गोष्ट हुकली की वर्ष गेलं. आणि वरची जागा रिकामी राहिली की तिचं काम नाहीसं होत नाही. ते खालच्यावर पडतं. नाना हवालदार असताना एएसआयची कामं कित्येक वर्षं करत होता. जबाबदारी मिळते, हुद्दा मिळत नाही.

त्याच उत्तरांमध्ये आणखी दोन आकडे आहेत. पाच वर्षांत ५५ हजारांवर जवान राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले. आणि ७३० जणांनी स्वतःचा जीव घेतला. सरकारने नेमलेल्या गटाला असं आढळलं की यातल्या बहुतेक घटना सुट्टीवरून परतल्यावर घडलेल्या आहेत. त्यामागे घरची दुखणी, जमिनीचे तंटे, एकटेपण, किती तरी कारणं असतात. न लागलेल्या फीतीवर मी ते ढकलणार नाही, ते चूक होईल. पण सुट्टीवरून परतणं म्हणजे काय ते मी पाहिलेलं आहे. भुसावळच्या फलाटावर नानाला दर वेळी सोडायला मीच जायचो. गाडी यायच्या आधीची दहा मिनिटं तो काही बोलायचा नाही. मी केळी घेऊन द्यायचो, तो न खाता पिशवीत ठेवायचा. एकदाच म्हणाला होता, २०१६-१७ च्या सुमारास असेल, "बापू, घरी आलो की सगळे विचारतात, काय झालास. तिकडे गेलो की कोणी विचारत नाही." मी त्यावर काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक काहीच बोललो नसेन.

२०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुइयां यांच्या खंडपीठाचा. केंद्रीय दलांतल्या स्वतःच्या अधिकाऱ्यांची बढती बाहेरून प्रतिनियुक्तीवर येणाऱ्या आयपीएस अधिकाऱ्यांमुळे खुंटते, म्हणून त्या जागा दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करा, संवर्गाचा आढावा सहा महिन्यांत घ्या, असं त्यात होतं. मी आनंदाने नानाला फोन केला. तो म्हणाला, "तो अधिकाऱ्यांचा आहे रे. आमचा नाही." मग थोडं थांबून म्हणाला, "पण बरं झालं. वरचं पाणी हललं की पाटात येतं कधी तरी." शेतकऱ्याच्या पोराला हे सांगावं लागत नाही, की पाटात पाणी यायच्या आधी मधे किती ठिकाणी फुटतं.

मिरवणुकीच्या संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर, अंगणात गाद्या टाकून आम्ही बसलो होतो. वरणबट्टी झाली होती, वांग्याच्या घोटलेल्या भाजीचा वास अजून हवेत होता. पलीकडच्या गल्लीतला एक पोरगा, चोवीस-पंचवीसचा, दोन वर्षांपूर्वी दलात लागलेला, सुट्टीवर आला होता. तो नानाच्या पायाशी येऊन बसला. सरळ बसला, पाठ ताठ, अजून ट्रेनिंग अंगात. त्याने विचारलं, "काका, हवालदार व्हायला मला किती वर्षं लागतील?" आम्ही सगळे गप्प झालो. वहिनी भांडी घासत होती, तिचा हात थांबला. माय बाजेवर होती. ती दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "मन्हा आंडोर फौजदार व्हयना." माझा पोरगा फौजदार झाला. तिला मानद-बिनद कोणी सांगितलं नव्हतं, नानानेही नाही. फ्लेक्सवर स्वतः शब्द लिहिणाऱ्याने आईला मात्र तो सांगितला नाही. मला त्याचं दोन्ही पटलं. नाना त्या पोराला म्हणाला, "गुडघे सांभाळ. कोर्सला नाव आलं की सुट्टी मागू नको. आणि बाहीकडे रोज बघू नको." पोरगा मान डोलावत होता. वर्षांचा आकडा नानाने सांगितला नाही.

फेब्रुवारीत मी नानाला शेवटी विचारलंच. तो मळ्यात हरभरा उपटत होता, मी पेंढ्या बांधत होतो. म्हटलं, नाना, तो शब्द का लिहायला लावलास? सरकारने दिलेला हुद्दा आहे, चोरून आणलेला नाही. त्याने हातातली मूठ खाली ठेवली, बोटांना लागलेली आंब धोतराच्या फडक्याला पुसली. म्हणाला, "माझ्या बरोबरचा एक जण खरा एसआय झाला. परीक्षा दिली, दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा निघाला. त्याने हा फोटो पाहिला असता तर?" मग पुन्हा खाली वाकला. थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "आणि मी घरी आलो म्हणून माझी जागा रिकामी झाली ना. ती कोणाला मिळाली ते बघायचं."

तेव्हा मला कळलं की महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी तो ओट्यावर बसून कोणाला फोन करतो. ओडिशाचा एक हवालदार आहे, नानाच्या हाताखाली नऊ वर्षं होता. ज्येष्ठतेत त्याचाच नंबर. पहिल्या महिन्यात वाटलं होतं, होईल. मग नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, संक्रांत झाली.

परवा महिनाअखेर होती. मी शेजारीच बसलो होतो. दिवेलागण झाली होती, गल्लीत म्हशी परतत होत्या, पायांची धूळ ओट्यापर्यंत येत होती. नानाने चष्मा लावला, फोन जवळ धरून नंबर शोधला, स्पीकर लावला. पलीकडून वारा ऐकू येत होता, कुठल्या तरी डोंगरातला. नाना म्हणाला, "हुआ क्या?"

"नहीं सर. डीपीसी बैठी नहीं अभी."

"घर में सब ठीक?"

"ठीक है सर. आप के घुटने कैसे हैं?"

"ठीक है," नाना म्हणाला. मग तो आणखी बराच वेळ बोलत बसला, मेसच्या नव्या स्वयंपाक्याबद्दल, थंडीबद्दल, त्याच्या पोराच्या परीक्षेबद्दल. फोन ठेवल्यावर त्याने भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि पुढच्या महिन्याच्या शेवटच्या तारखेवर पेन्सिलीने गोल केला. तेवढ्यात मळ्यातून निरोप आला की वीज आली, आणि तो बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला निघून गेला.